रुजू दिनांक : दोन फेब्रुवारी

मथुराबाय कुणावर विश्वास ठेवत नाही, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाजारात बांगडा घ्यायचा तर ती आधी कल्ला उचलून बघणार, मग बोटानं दाबून बघणार, मग विकणारणीला विचारणार की होडी किती वाजता लागली. एवढा सगळा पंचनामा करून घेणार मात्र शेजारच्या टोपलीतला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या की ती औषधवाल्याला विचारते या कशावर, आणि औषधवाल्यानं सांगितलं ते घरी येऊन सुनेकडून तपासून घेते. नवरा हयात होता तेव्हा तो पारावर बसून सगळ्यांना सांगायचा, "हिका देव भेटलो तरी ही तेचा आधारकार्ड मागतली." लोक हसायचे. मथुरा हसायची नाही.

पण ही खोड तिला जन्मापासून नव्हती, हेही सांगायला हवं. बाप वारला त्या वर्षी तिचा भाऊ तुकाराम घरी आला, बहिणीला गाडीवर बसवून मालवणला घेऊन गेला. आवशीच्या, म्हणजे आईच्या नावावर घर करायचं आहे, तुझी सही लागते, म्हणाला. मथुरानं तीन ठिकाणी सह्या केल्या. भावानं तिला बटाटेवडा खाऊ घातला, एसटीत बसवलं, वर खिडकीतून केळी दिली. दोन वर्षांनी ती माहेरच्या डोंगरावर काजूच्या बिया वेचायला गेली, तर भावजयीनं हटकलं. तलाठ्याकडून सातबारा काढून बघते तो काय, त्यावर तिचं नावच नाही. ज्यावर सही केली ते हक्कसोडपत्र होतं. आपल्याकडे किती बहिणींच्या सह्या अशा वड्यावर आणि केळ्यांवर गेल्या असतील, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही. मथुरानं भांडण केलं नाही. गणपतीला अजून ती माहेरी जाते, भावाला ओवाळते. फक्त त्या दिवसापासून तिनं मनाशी एक ठरवलं, की कागद देतो तो देवो, पण सही मागतो तो काहीतरी घेऊन जातो.

मालवण-कसाल रस्त्याला, कट्टा गावाच्या जरा अलीकडे आत वळलं की बाबलीशेटची काजू फॅक्टरी लागते. फॅक्टरी म्हणायची एवढंच; दोन पत्र्याच्या शेड, एक बॉयलर, आणि बाकड्यांवर बिया फोडायला बसलेल्या चौदा बायका. मथुरा तिथं दोन हजार पाचच्या शिमग्यात लागली. वाफवलेली बी पात्याखाली धरायची, पायानं दांडा दाबायचा, हातानं वरचा दांडा ओढायचा, आणि आतला गर अख्खा बाहेर काढायचा. गर मोडला की त्याचा तुकडा झाला, आणि तुकड्याला भाव नाही. मथुराच्या हातून शंभरात पाच मोडत नाहीत. आता गोव्याहून व्यापारी माल बघायला आला की तिच्या परातीतला माल वर ठेवतात.

या फॅक्टरीत हजेरी मांडायची एक रीत होती. दाराच्या फळीवर प्रत्येकीच्या नावापुढे खडूनं एक रेघ. शनिवारी रेघा मोजायच्या, पगार हातात द्यायचा, आणि ओल्या फडक्यानं फळी पुसून टाकायची. वही नाही, पावती नाही, काही नाही. बाबलीशेटच्या आज्याची भातशेती कुळकायद्यात गेली होती. ज्याचं नाव कागदावर चढलं, जमीन त्याची झाली, हे त्या घराण्यानं डोळ्यांनी बघितलेलं. त्यामुळे बाबलीशेट माणूस देवासारखा, बाळंतपणाला खोबरं-गूळ पाठवायचा, आजारपणात गाडी द्यायचा. पण कुणाचं नाव म्हणून कागदावर लिहायचा नाही. त्याच्यामागं मुलगा जितेंद्र बसला. त्यानं शेडवर नवे पत्रे घातले, बॉयलर बदलला, फळी मात्र तीच ठेवली.

आणि नोव्हेंबरात बातमी आली की कामगारांचे कायदे बदलले. दिल्लीनं बदलले, त्याआधी मुंबईनंही कारखान्यांच्या आणि दुकानांच्या तासांत काहीतरी फिरवलं होतं. झालं, बाकड्यांवर गजालींना ऊत आला. गंगू म्हणाली, आता बारा तास काम करावं लागणार, तिच्या भाच्यानं मोबाईलवर वाचलं. सारिका म्हणाली, छे, बायकांना रात्रपाळी लावणार. कुणी म्हणालं, वीसच्या आत माणसं असतील तर शेटला कसला म्हणून कागदच करावा लागत नाही, म्हणजे उद्या काढून टाकलं तरी आपल्याला दाद मागता येणार नाही. मथुरा ऐकत होती आणि बिया फोडत होती. तिचं एकच म्हणणं होतं, की सरकार असो की शेट, जो आपणहून द्यायला येतो त्याचे हात आधी बघावेत.

जानेवारी सरता सरता ओरोसहून सर्वेश नावाचा एक माणूस यायला लागला. फॅक्टऱ्यांचे कागदपत्र करून द्यायचा त्याचा धंदा. बोलायला शुद्ध, शर्ट इस्त्रीचा. त्यानं बायकांना एकत्र बसवून सांगितलं, की आता प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं असा कायदा आहे. त्यात तुमचं नाव, काम, पगार, रुजू झाल्याची तारीख असणार. तुमच्या भल्याचंच आहे. गोव्याच्या व्यापाऱ्यालाही आता कागद नीट असलेल्या फॅक्टरीचाच माल हवा होता, हे त्यानं सांगितलं नाही. ते मथुराला नंतर बॉयलरवाल्याकडून कळलं, आणि कळलं तेव्हा ती मनात म्हणाली, बघ, तरीच.

पत्रं वाटायच्या दिवशी जितेंद्रनं पेढे आणले होते. एकेकीला नावानं बोलवायचं, पत्र द्यायचं, मिळाल्याची सही घ्यायची, पेढा द्यायचा. देवळात गाऱ्हाण्याला माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात तशा तेराजणी एकामागून एक होकार देत सह्या करून आल्या. गंगूनं तर पत्र कपाळाला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाचा टाईप केलेला कागद आला होता, त्यात तिला हसण्यासारखं काही नव्हतं. मथुराचं नाव पुकारलं तशी ती गेली, पत्र हातात घेतलं, आणि पेनाकडे न बघता म्हणाली की आधी घरी वाचून येते.

जितेंद्रच्या कपाळावर आठी पडली. तो कॉलेजात होता तेव्हापासून तिला मथुराकाकी म्हणत आलेला. तो म्हणाला, काकी, सगळ्यांनी केली, तुलाच काय वेगळं? सर्वेशनं घड्याळ बघितलं. मागून सारिका पुटपुटली, हिच्यापायी सगळ्यांचं अडेल. मथुरा म्हणाली, सही देते, पळून जात नाही, पण उद्या देते. आणि पत्राची घडी करून तिनं ती पिशवीत घातली. पेढा तिनं घेतला नाही.

घरी सून पूजा भात उपसत होती. मुलगा निलेश गोव्याला कामाला, आठवड्यानं येतो. घरात वाचून दाखवणारी पूजाच. मथुरालाही वाचता येतं, पण सरकारी मराठी वाचताना तिचा जीव घाबरा होतो. पूजानं हात पुसले आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. पगार बरोबर होता. काम बरोबर होतं. हक्क सोडल्याचं कुठं काही नव्हतं. मथुराला क्षणभर वाटलं, आपण उगाच त्या पोराला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं. उद्या जाऊन सही करावी आणि पेढाही मागून घ्यावा.

पूजा तेवढ्यात थांबली.

"आये, तुमी कामाक कधी लागलास?"

"दोन हजार पाचचो शिमगो. तुझो नवरो तेव्हा सातवीत होतो."

"हयसर लिवल्यानी, रुजू दिनांक दोन फेब्रुवारी. ह्या वर्साची."

मथुरा चुलीपुढे बसली. मग पूजानं तिला समजावून सांगितलं, की पाच वर्षं झालेल्या माणसाला नोकरी सोडताना वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार मिळतो, त्याला ग्रॅच्युइटी म्हणतात. पण वर्षं धरायची ती या तारखेपासून. मथुराला तो हिशोब कळला, पण तिला लागलं ते वेगळंच. एकवीस शिमगे ती त्या बाकड्यावर बसली. नवरा गेला, त्याचं तेरावं करून चौदाव्या दिवशी बसली. आणि आता कागद सांगत होता, की ही बाई गेल्या सोमवारी आली.

दुसऱ्या दिवशी तिनं जितेंद्रला सरळ विचारलं. तो आधी हसला, मग म्हणाला ती नुसती पत्राची तारीख आहे. मग म्हणाला कॉम्प्युटर जुनी तारीख घेत नाही. एका प्रश्नाला दोन उत्तरं आली, तेव्हाच मथुरा काय ते समजली. ती उठत नाही बघून तो जरा कडक झाला.

"काकी, जुन्या दिवसांचो काय पुरावो आसा तुझ्याकडे? माझ्याकडेपण नाय. लिवलेला कायच नाय."

हे मात्र खरं होतं. फळीवरच्या रेघा दर शनिवारी पुसल्या होत्या, आणि अनेक शनिवारी फडकं मारायला मथुरानंच बादली आणून दिली होती. सर्वेशला विचारावं, तर त्याच्या कागदावर सगळ्याच नव्या. तो शेटचं ऐकणार की हिचं? बाकड्यांवर परत आली तर तिथंही गार वारा. गंगू म्हणाली, अगो, चाललंय ते बरं चाललंय, उद्या शेटनं फॅक्टरीला कुलूप घातलं तर तुझा संशय आम्हाला जेवायला घालणार काय? सारिका तर तोंड फिरवून बसली. मथुरा चिडली. शिरा पडो तुमच्या पेढ्यांवर, असं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण सोळा-अठरा वर्षं त्यांचीही गेली होती आणि त्यांना ते दिसत नव्हतं, त्याचा राग करावा की कीव, हे तिला ठरवता येईना.

त्यात आणखी एक विघ्न आलं. जितेंद्रनं जाहीर केलं, की पुढच्या सोमवारपासून खडूची हजेरी बंद. थंबचं मशीन येतंय. अंगठा ठेवायचा, मशीन ओळखणार, हजेरी लागणार. अंगठा नाही तर हजेरी नाही.

रेशनच्या दुकानात मथुराचा अंगठा गेली सात-आठ वर्षं उठत नाही. तेवढ्यासाठी धान्य आणायला पूजा जाते. लोकांना ती सांगते की आपल्याला रांगेत उभं राहायला आवडत नाही. आता तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. सही दिली नाही म्हणून हे मशीन. शेटला ठाऊकच असणार, की जुन्यांचे अंगठे उठत नाहीत. सोमवारी मशीन नाही म्हणणार, शेट म्हणणार मी काय करू, कायदाच तसा, आणि दारातून बाहेर. पूजानं सांगून बघितलं, की आये, मशीन सगळीकडेच आलीत, तुमच्या एकटीसाठी कोण कशाला आणेल? मथुराला पटलं नाही. त्या चार दिवसांत तिनं अंगठ्याला लिंबू चोळलं, खोबरेल चोळलं, दगडानं घासून बघितलं.

सोमवारी मशीन बसवायला कुडाळहून अनिश नावाचा तरणा माणूस आला. सर्वेशही आला होता; पत्रं आणि मशीनमधली नावं जुळवून त्याला ती पुढं पाठवायची होती. टेबल मांडलं. जितेंद्रनं नारळ फोडला आणि पहिला अंगठा आपला ठेवला. मशीन बाईच्या आवाजात गोडपणे थँक यू म्हणालं. बायका हसल्या. मग नव्या पोरींचे झाले, दोन-तीन वर्षं झालेल्यांचे झाले, बॉयलरवाल्यांचे झाले. सगळ्यांना थँक यू.

मथुरा पुढं आली. लाल दिवा लागला. अनिशनं तिचा अंगठा पुसला, पुन्हा लाल. डावा ठेवला, लाल. मग एकेक बोट करून दहाही बोटं झाली.

"नीट दाब गो काकी," जितेंद्र म्हणाला. "मुद्दाम करतंस काय?"

मथुरानं उजवा अंगठा पुन्हा दाबून बघितला. ती मनात म्हणत होती, झालं, आता सांगेल की जा. पण अनिशनं तिचा हात उजेडात धरला, उलटा-सुलटा बघितला, आणि सहज म्हणाला की काही हरकत नाही, हिला कार्ड देऊ, कार्डानं हजेरी लागेल. फक्त अंगठा का नाही त्याचं कारण मशीनमध्ये भरावं लागतं. त्यानं टाईप करायला घेतलं आणि विचारलं, काजूवर किती वर्षं?

सर्वेशनं कागद बघून सांगितलं, "नवीन आहेत. रुजू दोन फेब्रुवारी."

अनिश टाईप करायचा थांबला. त्याला आतलं-बाहेरचं काहीच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला की साहेब, तुमचा कागद चुकलाय. तो सावंतवाडीपासून वेंगुर्ल्यापर्यंत काजूच्या फॅक्टऱ्यांत मशीनं बसवत हिंडतो. बीच्या टरफलात तेल असतं, ते कातडी खातं. नव्या बाईचा अंगठा सरळ येतो, पाच-सात वर्षांची असेल तर दोनदा पुसून येतो, आणि असा साफ गुळगुळीत अंगठा व्हायला दहा-बारा वर्षांच्या वर त्या तेलात हात घालावा लागतो. महिन्याभरात असा अंगठा होत नाही.

"नवीनच आसत सगळी," जितेंद्र म्हणाला. पण त्याचा आवाज खाली गेला होता.

आता इतके दिवस मथुरा पुरावा शोधत होती. घरातली ट्रंक तिनं उपसली होती, देवाच्या तसबिरीमागचे कागद काढून बघितले होते. आणि जी गोष्ट तिनं लाजून लोकांपासून लपवली, जिला लिंबू लावून घालवायला बघितलं, ती गोष्ट समोरच्या उजेडात परक्या माणसाच्या हातात होती. ज्या मशीनला ती आपलं मरण समजत होती, तेच तिच्या बाजूनं बोललं होतं. तिनं अनिशच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि जितेंद्रच्या तोंडासमोर अंगठा धरला.

"शेट, मी दोन तारखेक कामाक लागलंय ना? मगे माझो आंगठो खंय गेलो, ता सांगा."

जितेंद्र काकी म्हणत होता आणि ती त्याला शेट म्हणाली होती, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. मग मागून गंगू उठली. तिला कुणी पुकारलं नव्हतं. ती येऊन मथुराच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं आपला अंगठा मशीनवर ठेवला. लाल. सारिका आली. लाल. एकूण पाचजणी झाल्या, आणि पाचही वेळा मशीन गप्प राहिलं.

सर्वेशनं हातातले कागद टेबलावर ठेवले. तो जितेंद्रला म्हणाला की तुम्ही मला सगळ्या नव्या म्हणून सांगितलंत. हे माझ्या नावानं पुढं जाणार आहे. मशीनमध्ये एक आणि पत्रात एक असं मी पाठवणार नाही. उद्या कुणी तपासायला आलं तर तुम्ही इथं बसाल आणि मला ओरोसात जिल्ह्याच्या कचेरीत उत्तर द्यावं लागेल. हे त्यानं बायकांच्या कळवळ्यानं म्हटलं नाही, स्वतःच्या भीतीनं म्हटलं. मथुराला ते कळलं, आणि म्हणूनच तिनं त्यावर विश्वास ठेवला.

जितेंद्रनं टेबलाची कड धरली. त्याच्याही मनात काय चाललं होतं ते मथुरा ओळखू शकत होती. ज्याचं नाव कागदावर चढलं त्याचं झालं, हे तो बापाच्या मांडीवर ऐकून वाढला होता. शेवटी त्यानं एकेकीला साल विचारलं. गंगूचं दोन हजार आठ. सारिकाचं दोन हजार दहा. मथुराचं विचारलं नाही. ते त्यानंच सांगितलं, महिन्यासकट. अनिशनं ते मशीनमध्ये घातलं, सर्वेशनं चौदाच्या चौदा पत्रं नव्यानं काढायला घेतली.

संध्याकाळी नवी पत्रं आली. बाकीच्या या खेपेला वाचून सह्या करत होत्या, एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत. मथुरा सगळ्यात शेवटी टेबलाशी गेली. तिनं ओळीखाली बोट धरून सावकाश पत्र वाचलं. सरकारी मराठी असूनही वाचलं. तारीख बरोबर होती. तिनं सही केली. तिनं पेन परत दिलं तेव्हा जितेंद्र हळू आवाजात म्हणाला,

"काकी, इतक्या वर्सांत माझ्यार एवढोपण विश्वास ठेवूक नाय तू?"

मथुरानं त्याच्याकडे बघितलं. जन्मभर ती कल्ले उचलून मासे बघत आली, दुसऱ्या टोपलीतले घेत आली. आणि एवढ्या एका ठिकाणी ती एकवीस वर्षं डोळे मिटून बसली होती, हे तिचं तिलाच आत्ता कळत होतं. तिला रडू आलं. ते तिनं लपवलं नाही.

"ठेवलंय रे जितू. विश्वास होतो म्हणान तर एकवीस वर्सां कागद मागूक नाय."

मथुरानं पत्राची घडी केली, पिशवीत घातली, आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून ती रस्त्याकडे चालायला लागली.